शाळेचा सर्व्हर आणि हलका डेस्कटॉप
(मोरगाव परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी व्याख्यान)



बारामती तालुक्याचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. नीरा डाव्या कालव्याचे पाणी जेथे पोहोचले तेथे ऊस उभा राहिला. मोरगाव-सुप्याच्या बाजूस, कऱ्हेच्या खोऱ्यात, पाऊस बेताचा आणि शेती पुष्कळशी जिराईत राहिली. या बाजूचा शेतकरी पेरणीपूर्वी पहिला विचार पाण्याचा करतो. कालव्याखालच्या गावी ऊस जोमात आहे म्हणून तो आपल्या माळावर ऊस लावीत नाही. तो बाजरी पेरतो, ज्वारी पेरतो. यात कमीपणा कसलाच नाही. हा सरळ हिशेब आहे. शाळेतील जुन्या संगणकावर कोणती सामग्री बसवावयाची, हा प्रश्नही याच जातीचा आहे. संगणकाची स्मृती हे त्याचे पाणी होय. ते किती आहे हे पाहिल्याविना जो पीक ठरवितो त्याच्या पदरी निराशा येते, आणि मग दोष बियाण्यास दिला जातो.

१. प्रश्न कोठून उद्भवतो

अनेक शाळांत दहा-बारा वर्षांपूर्वी मिळालेला एखादा संगणक कपड्याखाली झाकून ठेवलेला असतो. त्याची स्मृती २ जीबी, फार तर ४ जीबी असते. दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपला. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली किमान ४ जीबी स्मृती, चौसष्ट बिटांचा प्रक्रियक आणि टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था मागते. जुन्या संगणकात यांपैकी एखादी तरी गोष्ट बहुधा नसते. साहजिकच तो संगणक निर्लेखनाच्या यादीत घालावा असा विचार पुढे येतो.

पण निर्लेखनाचा प्रस्ताव करण्यापूर्वी एक गोष्ट तपासून पाहण्याजोगी आहे. ज्या संगणकावर एका मुलाने बसून काम करणे आता कष्टाचे झाले आहे, तोच संगणक चाळीस मुलांना पुस्तके पुरविण्याचे काम उत्तम रीतीने करू शकतो. हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु एका माणसासाठी रंगीत चित्रे, खिडक्या आणि हलती दृश्ये रंगविणे हे संगणकास जड काम आहे. साठविलेली पाने मागणाऱ्याच्या हाती देणे हे त्या मानाने हलके काम आहे. ग्रंथपालास चित्रे काढावी लागत नाहीत, कपाटातील पुस्तक तेवढे काढून द्यावे लागते. अशा पुरविणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात.

शाळेतील सर्व्हरला बाहेरच्या इंटरनेटची गरज नसते. एक साधा वायफाय राउटर त्यास जोडला की वर्गातील टॅब किंवा पालकांनी दिलेला जुना मोबाइल त्यातून पाने वाचू शकतो. किविक्स या विनामूल्य सामग्रीच्या साहाय्याने मराठी विकिपीडिया इंटरनेटविना वाचता येतो. कोलिब्री या दुसऱ्या सामग्रीत पाठ, चित्रफिती आणि सराव यांची मांडणी करता येते. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या उपक्रमातील मराठी गोष्टीची पुस्तके मुक्त परवान्याखाली आहेत. ती उतरवून ठेवून मुलांना देण्यास कोणाची आडकाठी नाही. मोबाइलला रेंज नसलेल्या वस्तीशाळेतील मुलास ज्वालामुखीचे चित्र त्याच क्षणी दाखविता येणे, हे या सगळ्या खटाटोपाचे प्रयोजन आहे.

२. लिनक्स आणि त्याची ओसरी

अशा कामासाठी लिनक्स ही प्रणाली जगभर वापरतात. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिच्या गाभ्याचा आरंभ केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने त्यास मिळाली, आणि कोणालाही विनाशुल्क वापरता येईल, तपासता येईल, बदलता येईल अशी प्रणाली उभी राहिली. शिक्षकांच्या खिशातील अँड्रॉइड मोबाइलचा गाभा लिनक्सच आहे. पुणे जिल्ह्यातच, नारायणगावजवळ खोडद येथे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्याकडून येणारे संकेत एकत्र करून तपासण्याचे कामही लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांनी केलेले आहे. केरळ राज्यातील सरकारी शाळांतून तर गेली अनेक वर्षे मुले मुक्त सामग्रीवरच संगणक शिकत आहेत. तेव्हा ही प्रणाली काही हौशी लोकांचा खेळ आहे, अशी शंका बाळगण्याचे कारण नाही.

लिनक्सची एक घडण शिक्षकाने नीट समजून घेतली पाहिजे, कारण निवडीचा सारा प्रश्न तीतूनच निघतो. विंडोजमध्ये प्रणाली आणि पडद्यावरील खिडक्या, चित्रे, यादीपट्ट्या ही एकजीव असल्यासारखी भासतात. लिनक्समध्ये ती निरनिराळी आहेत. तळाशी गाभा असतो. तो यंत्र चालवितो. त्यावर पडद्यावर खिडक्या रेखाटणारी यंत्रणा असते; १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सुरू झालेली एक्स ही त्यांपैकी जुनी व प्रसिद्ध यंत्रणा होय. आणि सर्वांत वर डेस्कटॉप, म्हणजे माणूस ज्याच्याशी व्यवहार करतो ते दर्शनी अंग असते. जुन्या घराच्या भाषेत बोलावयाचे तर डेस्कटॉप ही ओसरी आहे. स्वयंपाक आत होतो, धान्य आत साठवितात. आलेगेलेले लोक ओसरीवर बसतात. ओसरी लहान बांधता येते, मोठी बांधता येते, किंवा मुळीच न बांधताही घर उभे राहते. लिनक्समध्ये ओसरी निवडण्याचे हे स्वातंत्र्य आहे; आणि स्वातंत्र्य आहे म्हणूनच निवडीची जबाबदारीही आहे.

३. ओसरी मुळात हवी काय?

जाणकारांस विचारले तर ते बहुधा एकमुखाने सांगतात की, सर्व्हरवर डेस्कटॉप बसवूच नये. त्यांचे म्हणणे निराधार नाही. डेस्कटॉप स्मृती खातो, चकतीवर जागा अडवितो. त्याच्याबरोबर शेकडो लहानमोठे कार्यक्रम येतात. त्या प्रत्येकास वेळोवेळी सुधारून घ्यावे लागते आणि प्रत्येकात एखादा सुरक्षेचा दोष निघण्याचा संभव असतो. सर्व्हरची सर्व कामे कळफलकावरून आज्ञा टंकून करता येतात. जो हे काम रोज करतो त्यास तीच रीत जलद वाटते.

पण जिल्हा परिषदेच्या शाळेची परिस्थिती वेगळी आहे. तेथे सर्व्हर सांभाळण्यासाठी नेमलेला माणूस नसतो. दोन किंवा चार शिक्षकांपैकी एखाद्यास आवड असते, तो रविवारी बसून सर्व काही उभे करतो. तीन-चार वर्षांनी त्याची बदली होते. त्याच्या जागी आलेल्या शिक्षिकेने काळ्या पडद्यावर लुकलुकणारी एक रेघ पाहिली, तर तिने तिच्याशी काय बोलावे? मागे ठेवलेल्या आज्ञा तिला ठाऊक नसतात. एक-दोनदा प्रयत्न होतो, मग बटण बंद होते, आणि संगणक पुन्हा कपड्याखाली जातो. यंत्रात बिघाड कसलाच झालेला नसतो. त्याच्याशी बोलणारे माणूस गेलेले असते, इतकेच.

हा खरा धोका आहे, आणि तो स्मृतीच्या तुटवड्याहून मोठा आहे. म्हणून शाळेच्या सर्व्हरवर डेस्कटॉप असावा. पण तो हलका असावा आणि कामापुरता असावा. पेनड्राइव्हवरून नवी पुस्तके घालणे, जागा किती उरली ते पाहणे, तारीख-वेळ तपासणे, यंत्र रीतसर बंद करणे, एवढी चार कामे ज्याला मोबाइल वापरता येतो अशा कोणत्याही शिक्षकास चित्रांवर टिचकी मारून करता आली पाहिजेत. याहून अधिक अपेक्षा त्या ओसरीकडून ठेवू नये.

यात एक मधला मार्गही आहे. डेस्कटॉप बसवून ठेवावयाचा, पण यंत्र सुरू होताना तो आपोआप उघडावयाचा नाही. लागेल तेव्हाच एक आज्ञा देऊन तो उभा करावयाचा. यामुळे एरवी सारी स्मृती मुलांच्या कामी येते. ही रीत ज्या शाळेत दोन तरी शिक्षकांस ती आज्ञा पाठ आहे तेथे योग्य. इतरत्र डेस्कटॉप आपोआप उघडू द्यावा हे बरे. दुसराही एक मार्ग आहे. कॉकपिट किंवा वेबमिन यांसारख्या सामग्रीने दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून सर्व्हरची देखरेख करता येते. ज्या केंद्रशाळेत दुसरा चांगला संगणक आहे तिने याचा अवश्य विचार करावा. परंतु एकच संगणक असलेल्या शाळेस तो उपयोगाचा नाही.

४. हलकेपणा कशाने मोजावा?

डेस्कटॉप हलका आहे असे म्हणताना त्याचा अर्थ नेमका ठरविला पाहिजे. पडद्यावर तो साधा दिसतो म्हणून तो हलका, असे नव्हे. यंत्र सुरू करून, एकही कार्यक्रम न उघडता, किती स्मृती व्यापली गेली हे पाहावयाचे. लिनक्समध्ये ‘फ्री’ नावाची एक आज्ञा आहे. ती एकूण स्मृती, व्यापलेली स्मृती आणि उपलब्ध स्मृती असे आकडे देते. कोणाच्या सांगण्यावर विसंबण्यापेक्षा आपल्याच यंत्रावर हे आकडे मोजून वहीत लिहावेत. कारण प्रणालीची आवृत्ती आणि यंत्र यांप्रमाणे ते कमीजास्त होतात.

हिशेब साधा आहे. डेस्कटॉपविना डेबियन ही लिनक्सची प्रचलित मांडणी २ जीबीपैकी साधारणतः दोनशे एमबीच्या आतबाहेर स्मृती घेते. ग्नोमसारखा भरजरी डेस्कटॉप बसविला तर तो आकडा एक जीबीच्या घरात किंवा त्याच्याही पुढे जातो, म्हणजे निम्मे पाणी पेरणीपूर्वीच संपले. हलका डेस्कटॉप अर्ध्या जीबीच्या आसपास थांबतो.

वाचलेली स्मृती वाया पडून राहत नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. चकतीवरून एकदा वाचलेली पाने लिनक्स मोकळ्या स्मृतीत धरून ठेवतो. सर्व वर्गाने एकच पाठ उघडला तर पहिल्या मुलासाठी तो चकतीवरून येतो आणि पुढच्या एकोणचाळीस मुलांना स्मृतीतून, म्हणजे फार वेगाने, मिळतो. डेस्कटॉपने अडविलेली प्रत्येक जागा ही मुलांच्या पानांची जागा असते. उलटपक्षी स्मृती पुरेनाशी झाली की प्रणाली चकतीचा काही भाग स्मृतीसारखा वापरू लागते; मग सर्व काही रांगू लागते. त्यानेही भागले नाही तर ती एखादा चालू कार्यक्रम स्वतःहून बंद करते, आणि तो कार्यक्रम नेमका मुलांना पाने पुरविणाराच असू शकतो. भर तासाला चाळीस टॅब एकदम थिजले म्हणजे शिक्षकाचा त्या यंत्रावरील विश्वास उडतो तो कायमचा.

येथे एक भ्रमही दूर केला पाहिजे. हलका डेस्कटॉप बसविला म्हणून ब्राउझर हलका होत नाही. आजची संकेतस्थळे डेस्कटॉपहूनही अधिक स्मृती मागतात. म्हणून सर्व्हरच्याच पडद्यावर बसून इंटरनेट पाहणे, चित्रफिती लावणे हे कटाक्षाने टाळावे. विहिरीवर धुणे धुतले तर पिण्याचे पाणी गढूळ होते, हे गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीकडे किंवा लोकवर्गणीत थोडी रक्कम असेल तर ती कोठे खर्च करावी, हेही येथेच सांगणे इष्ट आहे. जुनी फिरती चकती काढून तिच्या जागी एसएसडी बसविणे आणि स्मृती २ जीबीची ४ जीबी करणे, या दोन गोष्टींनी जो फरक पडतो तो केवळ डेस्कटॉप बदलून पडत नाही. डेस्कटॉपची निवड हा बिनखर्चाचा उपाय आहे. तो प्रथम करावा, पण त्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

५. पर्यायांची ओळख

डेबियन ही मांडणी १९९३ साली सुरू झाली. ती बसविताना कोणता डेस्कटॉप हवा अशी यादीच समोर येते. मुख्य पर्याय असे:

ग्नोम आणि केडीई. केडीईचा आरंभ १९९६ साली, ग्नोमचा १९९७ साली. दोन्ही समर्थ व सुंदर आहेत. केडीई अलीकडे बराच आटोपशीर झाला आहे. तरी २ जीबीच्या सर्व्हरसाठी ही निवड योग्य नव्हे. हा कालव्याखालचा ऊस होय.

एक्सएफसीई. याचा आरंभही १९९६ साली ओलिव्हिए फुर्दाँ यांनी केला. मांडणी जुन्या विंडोजची सवय असलेल्यास ताबडतोब समजते: खाली किंवा वर पट्टी, एका कोपऱ्यात कार्यक्रमांची यादी, पडद्यावर फाइलींची चित्रे. त्याचा विकास सावकाश पण अखंड चालू आहे; डिसेंबर २०२२ मध्ये ४.१८ आणि डिसेंबर २०२४ मध्ये ४.२० ही आवृत्ती निघाली. तो सर्वांत हलका नाही, पण सर्वांत कमी दगा देणारा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

एलएक्सडीई. तैवानमध्ये २००६ साली याचा आरंभ झाला. अतिशय हलका. रास्पबेरी पाय या हाताच्या पंजात मावणाऱ्या संगणकाचा डेस्कटॉप यावरूनच घडविला गेला. पण तो ज्या जुन्या साधनसंचावर उभा आहे त्याचा विकास आता थांबला आहे. म्हणून फारच जुन्या यंत्रापुरता तो राखून ठेवावा.

एलएक्सक्यूटी. एलएक्सडीईचीच एक शाखा आणि रेझर-क्यूटी हा दुसरा प्रकल्प २०१३ साली एकत्र आले व त्यातून हा डेस्कटॉप जन्मास आला. लुबुंटू या मांडणीने ऑक्टोबर २०१८ मध्ये एलएक्सडीई सोडून याचा स्वीकार केला. हलका, चालू विकासाचा, आणि नव्या माणसास न बुजविणारा असा हा पर्याय आहे.

माते. २०११ साली ग्नोमने आपले रूप पार बदलले. ज्यांना जुनेच रूप हवे होते त्यांनी ते माते या नावाने पुढे चालविले. दक्षिण अमेरिकेत चहाप्रमाणे पितात त्या वनस्पतीवरून हे नाव आले. हा एक्सएफसीईच्या जवळपास वजनाचा आहे.

आइसडब्ल्यूएम, ओपनबॉक्स इत्यादी. हे पूर्ण डेस्कटॉप नव्हेत; केवळ खिडक्या सांभाळणारे कार्यक्रम आहेत. स्मृती फारच थोडी घेतात, पण फाइली पाहण्याचे साधन, वायफायचे चिन्ह अशा गोष्टी वेगळ्या जोडाव्या लागतात. आवड असलेल्या शिक्षकास हे मोहवितात. पण बदलीनंतर येणाऱ्याचा विचार केला म्हणजे ते मागे पडतात.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांकडे लक्ष देऊन बॉस ही डेबियनवर आधारलेली मांडणी तयार केली आहे, आणि शाळांसाठी तिचा वेगळा प्रकारही काढला आहे. मुलांनी बसावयाच्या संगणकासाठी ती अवश्य पाहावी. सर्व्हरसाठी मूळ डेबियन पुरे.

या साऱ्याचा निष्कर्ष काढावयाचा तर तो असा. स्मृती ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. स्मृती २ जीबी असेल तर एलएक्सक्यूटी, किंवा एक्सएफसीईच ठेवून तो लागेल तेव्हाच उघडणे. स्मृती १ जीबी असेल तर डेस्कटॉपचा आग्रह सोडावा. आणखी एक सूचना: ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेली डेबियन १३ ही आवृत्ती बत्तीस बिटांच्या जुन्या संगणकावर नव्याने बसविता येत नाही. तशा यंत्रासाठी जून २०२३ मध्ये निघालेली डेबियन १२ घ्यावी, आणि हे यंत्र आता शेवटच्या टप्प्यात आहे हे समजून चालावे.

निवड कायमची नसते, हेही सांगितले पाहिजे. एकाच यंत्रावर दोन डेस्कटॉप शेजारी शेजारी बसविता येतात आणि प्रवेश करताना हवा तो निवडता येतो. काही न बसविता केवळ पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहण्याचीही सोय आहे. पंधरा दिवस एक, पंधरा दिवस दुसरा, असा प्रयोग करावा. पाबळच्या विज्ञान आश्रमाची स्थापना डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली केली ती करीत करीत शिकण्याच्या तत्त्वावर. याच जिल्ह्यातील त्या उदाहरणापासून धडा घ्यावा तो हा की, यंत्राविषयीचे मत यंत्राला हात लावून बनवावे.

६. मराठीची कसोटी

स्मृतीच्या आकड्यांत दुसरी एक गोष्ट विसरली जाते. डेस्कटॉपवर मराठी नीट वाचता व लिहिता आली पाहिजे. इनस्क्रिप्ट ही कळफलकाची भारतीय रचना १९८६ पासूनची आहे व लिनक्समध्ये ती मिळते. अक्षरांसाठी लोहित किंवा नोटो हे मुक्त टंक बसवावेत.

कसोटीसाठी लांब उतारा नको. एक शब्द पुरतो. मोरगाव जिच्या काठी वसले आहे त्या नदीचे नाव, ‘कऱ्हा’, टंकून पाहावे. त्यातील अर्ध्या र चे वळण मराठीचे खास आहे. इनस्क्रिप्टमध्ये ‘जे’ या कळीवर साधा र आहे. शिफ्टसह तीच कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, त्यास हलन्त जोडून पुढे ह लिहिला की ‘ऱ्हा’ सिद्ध होते. ‘शेतकऱ्याचा’ आणि ‘ऱ्हस्व’ हे शब्दही असेच तपासावेत. फाइलींच्या नावांत, यादीपट्टीवर, शोधण्याच्या चौकटीत, सर्वत्र हे शब्द शुद्ध उमटले पाहिजेत. जेथे चौकोनी खोके दिसतात किंवा रफार भलतीकडे जातो तेथे टंक बदलावा. फळ्यावर अशुद्ध शब्द चालत नाही, तसा तो पडद्यावरही चालू नये.

७. बसविल्यानंतरची दक्षता

डेस्कटॉप हा मुळात समोर बसलेल्या माणसासाठी घडविलेला असतो. समोर कोणी नसेल तर वीज वाचवावी असा त्याचा स्वभाव असतो. सर्व्हरसमोर तर कोणीच बसत नाही! परिणामी काही मिनिटांनी यंत्र झोपी जाते आणि वर्गात टॅबवरील पाने उघडेनाशी होतात. म्हणून पहिले काम हे की, वीजव्यवस्थेच्या भागात जाऊन यंत्र निद्रिस्त होण्याची सोय बंद करावी. केवळ पडदा विझू द्यावा. जुना लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर तो झोपणार नाही असेही ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट जोडणीची. वायफायची जोडणी कित्येकदा एका वापरकर्त्याच्या नावाने साठविली जाते. तो आत येईपर्यंत यंत्र जोडलेच जात नाही. ती सर्व वापरकर्त्यांसाठी खुली आहे, अशी नोंद करावी. शक्य तर सर्व्हर राउटरला तारेनेच जोडावा.

तिसरी गोष्ट म्हणजे अंतिम परीक्षा. यंत्र रीतसर बंद करावे, विजेचा खटका बंद करावा. थोड्या वेळाने खटका लावून बटण दाबावे आणि मग कळफलकास किंवा माउसला हात न लावता पाच मिनिटे थांबावे. शेजारच्या वर्गात जाऊन टॅबवर पान उघडून पाहावे. उघडले तर सर्व्हर तयार झाला. नाही उघडले तर कोणते तरी काम अजून माणसाच्या प्रवेशावर अडून आहे. ते शोधून यंत्र सुरू होतानाच चालू होईल असे करावे. या परीक्षेत जो सर्व्हर उतरला तोच शाळेत टिकतो.

विजेचाही हिशेब मांडून ठेवावा. ५० वॅट वीज घेणारे यंत्र रोज सहा तास, महिन्याचे पंचवीस दिवस चालले तर साडेसात युनिट होतात. तेच रात्रंदिवस तीस दिवस चालू ठेवले तर छत्तीस. तेव्हा शाळा सुटताना ते बंद करणे हेच योग्य. जुन्या लॅपटॉपास वीज कमी लागते, आणि त्याची बॅटरी थोडी जरी शाबूत असली तरी वीज गेल्यावर काही मिनिटे तो तग धरतो. तेवढ्यात तो रीतसर बंद करता येतो.

८. वही

शेवटी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचे साधन सांगावयाचे. ते म्हणजे एक शंभरपानी वही. संगणक जडसंग्रह नोंदवहीत असतो, पण तो कसा चालवावयाचा याची नोंद कोठेच नसते. या वहीत कोणती प्रणाली, कोणती आवृत्ती, कोणता डेस्कटॉप आणि तो का निवडला, हे मराठीत, स्वच्छ अक्षरात लिहावे. नवी पुस्तके घालण्याची कृती पायरीपायरीने लिहावी. फ्री आज्ञेचे आकडे महिन्यातून एकदा तारखेसह टिपावेत. परवलीचा शब्द वहीत न लिहिता मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा. पदभार देताना ही वही किल्ल्यांबरोबर दिली जावी. आणि देण्यापूर्वी जाणाऱ्या शिक्षकाने मुकाट उभे राहून, येणाऱ्या शिक्षकाकडून केवळ वहीच्या आधारे एक पुस्तक घालवून घ्यावे. तो जेथे अडखळेल तेथे दोष त्याचा नसतो, वहीचा असतो. ते पान पुन्हा लिहावे.

अष्टविनायकांच्या यात्रेची रीत अशी आहे की, ती मोरगावी सुरू होते आणि आठही स्थाने झाल्यावर मोरगावीच येऊन पुरी होते. या निवडीचेही तसेच आहे. आरंभ शाळेच्या गरजेपासून करावयाचा: स्मृती किती, मुले किती, सांभाळणारे कोण. मग ग्नोम, एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी ही सारी स्थाने पाहून यावयाची. आणि अखेरीस पुन्हा त्याच गरजेपाशी येऊन निर्णय करावयाचा. सर्व्हर बसविणाऱ्या शिक्षकाची बदली होऊन वर्ष झाले आहे, आणि तरीही सोमवारी सकाळी कोणीतरी बटण दाबते व चौथीच्या मुलांसमोर पान उघडते, असे ज्या शाळेत घडेल तिने डेस्कटॉप योग्य निवडला होता, असे खुशाल समजावे.